आडनावातलं गाव

बाजाराच्या मागच्या गल्लीत गादीवाल्याची खोली होती. खोली कसली, कापसाचं घरटंच. आत पाय ठेवला की माणूस आपसूक हळू बोलायला लागायचा. भिंतीला टेकून उभ्या गाद्या, कोपऱ्यात उशांचे अभ्रे, मधोमध मांडी घालून बसलेला गादीवाला आणि त्याच्या हातातलं वीतभर दाभण. दाभण गादीच्या पोटात शिरायचं, पलीकडून डोकं काढायचं, पुन्हा परत फिरायचं. अर्धं शहर त्याच्या टाक्यांवर झोपायचं, असं तो म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

त्याच्या आडनावातच एक गाव होतं. आजोबा खांद्यावर कापूस पिंजायचं पिंजण टाकून कुठूनसे आले, तेव्हा लोकांनी त्या ‘कुठून’लाच ‘कर’चं शेपूट जोडलं आणि आजोबांना चिकटवलं. ते गाव बापाने पाहिलं नव्हतं, यानेही नाही. दोघेही याच गल्लीत जन्मले, इथल्याच मातीत लोळले. तरी दुकानात नवीन माणूस आला, नाव विचारलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. मूळचे तिकडचे का तुम्ही? गल्लीतल्या नळाची बैठक असो की गटाराचं भांडण, गादीवाल्याने तोंड उघडलं की कुणीतरी हसत हसत म्हणायचंच, अहो, तुम्ही बाहेरचे, तुम्हाला इथलं काय ठाऊक. तोही हसायचा. पण गादीत एखादी सरकी राहून जावी, तसं ते टोचायचं. दिसत नाही, सापडत नाही, आणि कूस बदलली की पुन्हा तिथेच.

एकदा एक ट्रकवाला सीटची गादी भरायला आला. आडनाव ऐकून म्हणाला की त्या नावाचं गाव तर घाटापलीकडे आहे, मी महिन्यातून एकदा तिथून माल उचलतो. गादीवाल्याच्या हातातलं दाभण थांबलं. म्हणजे ते गाव खरंच होतं. तिथे झाडं असतील, रस्ते असतील, आणि त्याच्याच आडनावाची घरंच्या घरं असतील. त्या घरांत कुणी त्याला विचारणार नाही, तुम्ही कुठले म्हणून.

बायकोला त्याने हे सांगितलं तेव्हा ती पापड लाटावा इतक्या सहजपणे म्हणाली, “जाऊन या एकदाचे. नाहीतर जन्मभर माझं डोकं खाल. आणि दाभण-दोरा घेऊन जा, तुमचे भाऊबंद रिकाम्या हाताने थोडेच सोडणार आहेत.”

तो गेला. धुतलेला सदरा, खांद्याला पिशवी. एसटी त्याला एका पाराशी सोडून धूळ उडवत पुढे गेली. समोर न्हाव्याचं दुकान होतं. खुर्चीत एक म्हातारा गालभर साबण लावून बसला होता. गादीवाल्याने छाती जरा पुढे काढली आणि आपलं आडनाव सांगितलं. आमची घरं कुठल्या बाजूला, असं विचारलं.

न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. या आडनावाचं इथे एकही घर नाही, तो म्हणाला. आधीही कधी ऐकलं नाही.

गादीवाल्याला वाटलं, आपण चुकीच्या गावात उतरलो. पण पाटी तर समोरच होती. तेवढ्यात साबणाआडून म्हातारा खुदखुदला.

“अहो पाहुणे, आमच्या गावात आमच्याच गावाचं नाव कोण लावणार? इथे सगळेच इथले. ते नाव गाव सोडून गेलेल्याला पडतं, आणि तेही दुसऱ्यांच्या तोंडून.”

मग दाढी होईपर्यंत म्हातारा गावातली आडनावं उलगडत बसला. न्हाव्याचा कुणी पूर्वज ताडमाड उंच होता, म्हणून घराण्याचं आडनावच उंचीवरून पडलं. आता न्हाव्याला गिऱ्हाईकाच्या डोक्यापर्यंत पोचायला पाट लागतो, ते वेगळं. म्हाताऱ्याच्या घराण्यात कुणीतरी इतका घोरायचा की शेजारी उठून दुसरीकडे राहायला गेले. ते शेजारी गेले, त्यांची नावं गेली, घोरणं तेवढं आडनाव होऊन मागे उरलं. न्हावी म्हणाला, त्यात खोटं काही नाही, काका अजून घराण्याची लाज राखतात.

गादीवाला हसला, पण आतून त्याचा कापूस बसला होता. एवढ्या लांब आपलं म्हणून आलो, आणि आपलं इथे नावसुद्धा नाही. परतीची गाडी संध्याकाळी होती. त्याचा उतरलेला चेहरा पाहून म्हातारा त्याला घरी घेऊन गेला.

घरात म्हातारी कंबर धरून बसली होती. गादीत गोळे झालेत, म्हणाली, रात्रभर दगडांवर झोपल्यासारखं वाटतं. गादीवाल्याने गादीवरून नुसता हात फिरवला आणि पिशवी उघडली. हातांना दुःख कळत नाही, त्यांना फक्त काम कळतं. त्याने शिवण उसवली, अंगणात चादर अंथरून कापूस उन्हाला पसरला, काठीने झोडून झोडून मोकळा केला. दबून काळवंडलेला कापूस हळूहळू फुलला. मग पुन्हा खोळ भरली, चारी कोपरे ठोसून ठोसून घट्ट केले, कडा शिवल्या आणि ओळीने टाके घालत गेला.

काठीचा आवाज ऐकून शेजारणी कुंपणाशी आल्या. कोण गं हा, कुठला, एकीने विचारलं. म्हातारीने त्याच्या शहराचं नाव घेतलं. झालं. तासाभरात त्या शहराच्या नावालाही शेपूट फुटलं. पलीकडून कुणीतरी त्याच नावाने हाक मारली. गादीवाला खाली मान घालून टाके घालत राहिला. त्याला वाटलं, दुसऱ्याच कुणाला बोलावतायत. दुसऱ्यांदा हाक आली, तेव्हा म्हातारी म्हणाली, “अहो, तुम्हालाच. माझं झालं की तिच्या उशा बघा म्हणतेय.”

त्याने मान वर केली. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि कान लहान मुलाच्या कानांसारखे लाल झालेले. ज्या शहराने त्याला कधी आपलं म्हटलं नाही, त्या शहराचं नाव इथे त्याच्या अंगावर अलगद येऊन बसलं होतं. आलो आलो, तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच नवा वाटला.

उशा झाल्या, आणखी एक गादी झाली. संध्याकाळी म्हातारीने नव्याने भरलेल्या गादीवर पाठ टेकली आणि बोलता बोलताच तिला झोप लागली. म्हातारा पारापर्यंत पोचवायला आला. पुन्हा या, म्हणाला, आणि हाक मारली ती त्या नव्या नावानेच.

घरी पोचला तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याचा चेहरा पाहून तिने धरलं की भाऊबंदांनी पाहुणचार चांगला केलेला दिसतो. कितीजण भेटले आपले, तिने विचारलं.

“एकही नाही.”

“मग एवढे खुशीत कशाने?”

त्याने सगळं सांगितलं. न्हाव्याचा पाट सांगितला, म्हाताऱ्याचं घोरणं सांगितलं, आणि शेवटी जरा थांबून, लाजत, ती हाकही सांगितली. त्यांनी मला इथला म्हटलं गं, तो म्हणाला.

बायकोने सदऱ्याची बाही झटकली, दुमडली, वर पाहिलंसुद्धा नाही.

“मग? आणखी कुठले तुम्ही?”

आणि पुढचा कपडा त्याच्या हातात दिला, दुसरं टोक धरायला.