शालूबाईंच्या मांडीचा नवस

लहानपणी शालूबाई तापानं फणफणल्या आणि खुब्यात पू झाला. ताप उतरला, पण उजवा पाय आखडून बसला तो बसलाच. चार बोटं आखूड, शिवाय आत वळलेला. दुसऱ्या कुणी हसायच्या आत त्या स्वतःच हसून घ्यायच्या. "वरातीतली घोडी हाय मी. फकस्त वाजंत्री न्हाई."

एका गोष्टीचं मात्र हसू होत नव्हतं. मांडी घालता येत नसल्यानं पूजेला बसल्या की तो पाय थेट देवाकडे. गल्लीतल्या लेकरांना देवाकडं पाय करू नये असं दटावणाऱ्या बाई या. "नागनाथानं माझं तोंड कमी अन् तळवाच जास्त पाह्यलाय," त्या म्हणायच्या.

शेहेचाळिसाव्या वर्षी कंबरही धरली, तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी खुबा बदलायचं ठरवलं. आत नेताना शालूबाईंनी घाईघाईनं नवस बोलून टाकला. पाय सरळ झाला, की औंढ्यात नागनाथासमोर मांडी घालून अभिषेक करीन.

पाय सरळ झाला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "मावशी, चाला, पायऱ्या चढा. फक्त मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. सांधा निखळेल."

"कवापर्यंत?"

"कायमचंच."

शालूबाई जीपमध्ये बसल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "पाच नारळं बोलले असते तर काय बिघडलं असतं? मला नेमकी मांडीच सुचली."

"आधी डॉक्टरला इचारायचं," ग्यानबा म्हणाले.

"नवस काय डॉक्टरला इचारून बोलतेत व्हय?"

देव समजून घेतो, असं सगळेच म्हणाले. शालूबाईंना ते पटेना. देवानं आपला शब्द पाळला होता. आता त्याच्याकडं बघायचं कोणत्या तोंडानं? शेवटी त्यांनी पूजा सांगणाऱ्या गुरुजींनाच गाठलं. ते म्हणाले, "यजमानांना मांडी घालून बसवा. तुम्ही हाताला हात लावा. पूजा जोडप्याची असते."

औंढ्याचा गाभारा खाली, भुयारासारखा. वाकून उतरणं जमणार नव्हतं. म्हणून पूजा वर मंडपात मांडली. ग्यानबा पाटावर, शालूबाई खुर्चीवर. वाकायचीही मनाई, हात हाताला पोचेना, म्हणून खांद्याला लावला. लग्नानंतर ग्यानबा पूजेला बसले ते आजच. अभिषेक लांबला तसे ते चुळबुळायला लागले.

"हालू नगा," शालूबाई पुटपुटल्या. "मांडी माझी हाय."

मग सहज त्यांनी खाली पाहिलं. आपले दोन्ही तळवे फरशीवर टेकलेले. देवाकडं एकही नव्हता. पुढचे मंत्र त्यांना नीट ऐकूच आले नाहीत.

आरती झाली, पण ग्यानबांना उठवेना. पायांना मुंग्या. शालूबाईंनी आपली काठी पुढं केली. तिच्यावर भार देत ते लंगडत निघाले, आणि मागून शालूबाई, सरळ.

दारातल्या फुलवाल्या जिवनबाईंनी दोघांना खालीवर न्याहाळलं. "आपरेशन कुनाचं झालं म्हनं?"

"माझंच," शालूबाई म्हणाल्या. "चाल तेवढी ह्यांला देऊन टाकली."