ससाण्याच्या पिंजऱ्यावरचा बोर्ड

“नाव माणसं ठेवतात आणि भोगतो बिचारा पक्षी,” असं तो एकदा म्हणाला होता. भोगायला लावणारा माणूस आपणच निघू, हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं.

प्राणिबागेत तो ससाणा सांभाळायचा. पंख मोडलेला, कुणीतरी खोक्यात घालून आणून दिलेला पक्षी. सकाळी मांसाचे तुकडे करायचे, जमीन धुवायची, पाणी बदलायचं; उरलेला दिवस शब्दांचा. पिंजऱ्यामागच्या खोलीत, बादलीशेजारी, पाठ निखळलेला एक शब्दकोश असे. भेटेल त्याला धरून तो सांगायचा, “शश म्हणजे ससा, अदन म्हणजे खाणं. शशादन! तोंडोतोंडी झिजत झिजत झाला ससाणा.” ऐकणारा झिजून जाई, ह्याचं संपत नसे.

शेवटी पदरमोड करून त्यानं बोर्ड रंगवून घेतला : ‘ससाणा, म्हणजे ससे खाणारा.’ तोही लाल अक्षरांत. शेजारच्याच जाळीत ससे होते, आणि ते सांभाळायला होती त्याची बायको.

“अहो, शेजाऱ्याच्या तोंडावर कुणी असं लिहितं का?”

“मी कुठे लिहिलं? भाषेनं लिहिलंय.”

“मग आज स्वयंपाकही तिलाच सांगा.”

मुलं या जाळीकडून त्या जाळीकडे बघत आणि भोकाड पसरत. तक्रारी वाढल्या तसे साहेब स्वतः आले. त्यांनी बोर्ड वाचला, सशांकडे पाहिलं आणि म्हणाले, “हा पक्षी दुसऱ्या बागेत पाठवून देऊ.”

त्याच्या हातातला चिमटा खाली पडला. मोडक्या पंखानं एवढ्या प्रवासात हा जीव टिकणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

“साहेब, ह्यानं जन्मात ससा खाल्लेला नाही!”

“मग हे काय लिहिलंय?”

“ते नावाचं मूळ आहे. ह्याचं नाही.”

“म्हणजे बोर्ड खोटा?”

कुठल्याशा काळी कुणीतरी खाल्लेला एक ससा त्या शब्दात अजून पडून होता, आणि त्याचा जाब आज ह्या मुक्या जिवाला विचारला जात होता.

“सरका बाजूला,” बायको म्हणाली. काखेत तिचा सगळ्यात लठ्ठ ससा होता. त्याला ती पहिलवान म्हणायची. “साहेब, हे आजारी होते तेव्हा मीच भरवलंय ह्याला. बघितलाय मी हा वाघ.”

कुणी काही बोलायच्या आत तिनं पिंजऱ्याचं दार उघडून पहिलवानाला आत सोडलं. तो डुलत डुलत गेला, मांसाची थाळी हुंगली, नाक मुरडलं आणि तिथेच ऐसपैस पसरला. ससाण्यानं मान वाकडी करून पाहिलं. मग एकेक पाऊल मागे सरत तो पाण्याच्या कुंडीआड गेला. शेपटी तेवढी बाहेर राहिली.

जाळीबाहेरची पोरं खिदळली. साहेबांनाही हसू आवरेना.

“राहू द्या ह्याला इथेच. म्हणे ससे खाणारा! तो बोर्ड मात्र उतरवा, लोकांची फसवणूक नको.”

त्यानं तोंड उघडलं. शशादन ओठांपर्यंत आलं होतं. पहिलवानाला कडेवर घेत बायकोनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

त्यानं तोंड मिटलं. स्क्रू काढले, लाल अक्षरं आतल्या बाजूला करून बोर्ड काखेत मारला, कुंडीमागच्या शेपटीकडे एकदा पाहून घेतलं, आणि चकार शब्द न काढता तो फाटकाबाहेर पडला.