दोरीवरचा अंक

छापायच्या आधी अख्खा अंक कपड्यांच्या दोरीवर वाळत घालणारी मुलगी साऱ्या महाराष्ट्रात एकच, आणि ती माझ्या नणंदेची लेक. नवेगाव बांधहून कॉलेजसाठी ती गोंदियाला आमच्याकडे राहायला आली, कॉलेजच्या वार्षिक अंकाची मांडणी तिच्याकडे आली आणि माझी दोरी गेली. न्हाणीपासून फाटकापर्यंत ओळीने चिमट्यांना पानं, आणि माझी ओली लुगडी खुर्च्यांच्या पाठीवर! बोलायला जावं तर म्हणायची, "मामी, अंक बसून नाही समजत. पायी चालून पाहा लागते." मजकुराच्या रकान्यांना ती बांध्या म्हणे, म्हणजे धानाची खाचरं, आणि भोवतालच्या कोऱ्या जागेला धुरा, म्हणजे खाचरांमधला चालायचा बांध. एवढा कागद कोरा कशाला, एखादा विनोद टाक, असं तिच्या मामांनी सुचवलं मात्र, पोरीने ताटावरून मान वर केली नाही. शेवटी हात धुताना म्हणाली, "मामाजी, धुरेच खाल्ले तं माणूस चालन कुठून?" धानाच्या गावची पोर, तिला कोण काय शिकवणार!

दुसरं खूळ याहून भारी. पान तयार झालं की ते दोरीला उलटं टांगायचं आणि येईल त्याला उभं करून दाखवायचं. सरळ धरलं की माणूस वाचत बसतो, उलटं धरलं की डोळा खरा कुठे जातो ते कळतं, असं तिचं शास्त्र. आमचा दूधवाला मान वाकडी करून पाहता पाहता माप ओतत राहिला आणि त्या दिवशी दुधाची चंगळ झाली. मी पातेलं पुढे धरूनच ठेवलं.

तिचा सगळा जीव मधल्या दोन पानांत होता. नवेगावच्या तलावाचा सकाळचा फोटो, दोन्ही पानं भरून पाणी, वर जरासं आभाळ, आणि दूर कोपऱ्यात तिच्या बाबांचा डोंगा, इवलीशी होडी. प्राचार्यांचा निरोप आला की तलाव काढा, तिथे स्नेहसंमेलनाचे फोटो घाला, प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला माझाही एक असू द्या; जमत नसेल तर काम प्रेसवाल्याला देऊ. पोर उशीत तोंड खुपसून पडली. "मामी, बाबाचा डोंगाच काढून राहिले," एवढंच म्हणाली. पण संध्याकाळी उठली आणि सर म्हणाले तसा अंक मुकाट मांडून दोरीवर लावला. मी चिडलेच, इतक्यात हरलीस म्हणून. तर म्हणे, सरांना पाहायला बोलावते.

प्राचार्य खरंच आले, सोबत दोन प्राध्यापक. दोरीलगत चालत एकेक पान पाहून खूश झाले. मग हिने अदबीने सांगितलं की सर, आमच्याकडे शेवटची तपासणी उलटी करतात, आणि सगळी पानं फिरवून टांगली. बाई गं! पानोपानी प्राचार्य खाली डोकं वर पाय, हार आकाशाकडे चाललेला, वटवाघळांची रांगच! प्राध्यापक अंगणातलं पपईचं झाड निरखू लागले. मी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाले. सर दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा गेले, थांबले आणि म्हणाले, "अरे, ये तो मैं ही मैं हूँ!" आणि स्वतःच इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

तेवढ्यात हिने तलावाची पानं टांगली, तीही उलटीच. वर पाणी, खाली आभाळ, आणि डोळा सरळ त्या डोंग्यावर. सर चष्मा चढवून दोरीजवळ गेले. डोंगा कोणाचा, विचारलं.

"माझ्या बाबाचा," ती म्हणाली.

"बस, यही छापो. माझा एक पुरे."

अंक निघाला आणि कॉलेजभर ज्याच्या त्याच्या हातात मधलीच पानं उघडी. तिचे बाबा, आमचे भाऊजी, धुतलेला सदरा घालून मुद्दाम आले. त्यांनीही ती पानं आधी उलटी धरली. लेकीने फोनवर तसं बजावलं होतं म्हणे. मग डोंग्यावर बोट ठेवलं. तिच्याकडे पाहून मला वाटलं, आज ही पोर जमिनीवर चालत नाहीये.

आता ती ही मांडणीच शिकायला पुण्याला गेली आहे. दोरी पुन्हा माझी झाली, लुगडी कडकडीत वाळतात. वाळत घालताना दोन लुगड्यांमध्ये मात्र मी थोडी जागा मोकळी सोडते. आली कधी, तर तिला चालायला धुरा नको का?