उन्हाला न धरलेली फिल्म

चाचांची नजर चांगली होती. सुईत दोरा ते चष्म्याशिवाय ओवत. हे आधीच लिहून टाकतो, कारण भोरच्या बाजारात याच्या उलट जे पसरलं ते माझ्यामुळे पसरलं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. भोरमध्ये माझा फोटो स्टुडिओ होता आणि शेजारच्या गाळ्यात चाचा लग्नपत्रिका छापत. माझ्या नात्याचे नव्हेत, पण सगळं गाव त्यांना चाचाच म्हणे. पुण्याहून गणपतीचं चित्र असलेल्या कोऱ्या पत्रिका येत, आणि मजकूर चाचांचा. पारदर्शक फिल्मवर दाट काळ्या शाईत ब्रश बुडवून तो मजकूर ते स्वतः लिहीत. मग जाळीच्या चौकटीला रसायन लावायचं, वर फिल्म, वर काच, आणि चौकट दारातल्या उन्हात ठेवून आकडे मोजायचे. ऊन लागेल तिथलं रसायन कडक होई. काळ्या अक्षरांखालचं मऊ राही, पाण्याने धुऊन जाई, आणि तेवढ्याच जागेतून शाई पत्रिकेवर उतरे. वेल्ह्यापासून लोक त्यांच्याकडे येत ते त्या अक्षरासाठी.

मी फोटोंसाठी मोठा प्रिंटर घेतला. सहा शायांचा, व्यावसायिक. त्यावर फिल्मही निघते हे कळल्यावर मी चाचांच्या मागे लागलो. तुम्हाला एका मजकुराला दिवस लागतो, मी पाच मिनिटांत देतो, लोकांना आता कॉम्प्युटरचं अक्षर हवंय, असं रोज सांगत राहिलो. ते म्हणायचे, तुझं मशीन फोटोचं आहे, त्याचं काळं मला पातळ वाटतंय. पण शेवटी त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. मोठ्या अक्षरांच्या दोन-चार पत्रिका नीट निघाल्या. मी फुगलो. वेल्ह्यातल्या आणि नसरापूरच्या छापणाऱ्यांनाही सांगून बसलो की फिल्म माझ्याकडून न्या.

मग पानशेतच्या पलीकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलीची पत्रिका आली. आपल्याकडे पत्रिकेत नवरा-नवरीपेक्षा भावकीच जास्त असते. चुलते, आत्या, मामा, गावकी, सगळे खाली बारीक अक्षरांत. मी फिल्म काढली, खिडकीशी नेली, तर काळी अक्षरं उजेडात तपकिरी दिसली. त्यातून बाहेरचा विजेचा खांब दिसत होता. फोटोच्या कागदावर गडद दिसणारी ती शाई फिल्मवर उजेड अडवत नव्हती. मला हे कळलं होतं. चालेल, असं म्हणून मी फिल्म दिली.

दुसऱ्या दिवशी मुलीचा बाप पत्रिका न्यायला आला तेव्हा एकही तयार नव्हती. चाचांनी चौकट तीनदा धुऊन पुन्हा केली होती. आकडे जास्त मोजले की बारीक अक्षरं बुजत, कमी मोजले की सगळंच वाहून जाई. टेबलावर चाचणीच्या पाच-सहा पत्रिका पडल्या होत्या. बापाने एक उचलली, बोट खाली नेत गेला आणि थांबला.

"पोरीच्या मामाचं नाव कुठंय हितं?"

ती ओळ उमटलीच नव्हती. मेव्हण्याची आधीच कुरबूर होती की आपल्याला कुणी मोजत नाही, आणि उद्या पहाटे पहिली पत्रिका देवाला ठेवून दुसरी त्याच्याच दारात न्यायची होती. हे सगळं तो उभ्यानेच सांगत राहिला. मग चाचांनी मला हाक मारली. मी गेलो, काचेवरची फिल्म उचलली आणि हातात धरून उभा राहिलो.

बाप म्हणाला, "चूक कुनाची त्येवढं सांगा."

खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ते नसरापूरला पोचेल आणि माझ्या मशीनला कुणी हात लावणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हणालो, "फिल्म बरोबर आहे. चाचांना हल्ली धुताना बारीक दिसत नाही."

चाचा माझ्याकडे वळले. मग हळू म्हणाले, "ती फिल्म उन्हाला धर. त्यांना बघू दे."

ऊन दोन पावलांवर होतं. मी फिल्म पाकिटात सरकवली आणि म्हणालो, त्याची गरज नाही, मी दुसरी काढून देतो.

"चाचा, आता घरी बसून नातवंडं सांभाळा," बाप म्हणाला. "लई झालं काम."

मी दुकानात जाऊन तीच फिल्म पुन्हा दोनदा छापली आणि दोन्ही एकावर एक नेमक्या बसवून कडेने चिकटपट्टी लावली. दोन थरांचं काळं उजेड अडवतं. हा उपाय मला आधीपासून माहीत होता. आळस केला होता, दुसरं काही नाही. चाचांनी ती हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला.

"दोन लावल्यास."

"हो."

"मग मघाशी बोलायचं होतंस."

त्यांनी दिवस मावळायच्या आत सगळ्या पत्रिका छापल्या. मामाची ओळ ठसठशीत आली. बाप पत्रिका घेऊन एसटी स्टँडवर गेला आणि गाडी येईपर्यंत चहाच्या टपरीवर जे बोलायचं ते बोलला. त्या लगीनसराईत चाचांकडे काम जवळजवळ आलंच नाही. लोक माझ्याकडे येऊन विचारत, चाचांना दिसत नाही म्हणे, दुसरं कोण छापतं? मी पत्ता सांगायचो. पुढच्या वर्षी त्यांनी गाळा सोडला. जाताना माझ्याशी नीट बोलले, पोरांची चौकशी केली. तेव्हाही मी त्यांची माफी मागितली नाही.

चार-पाच वर्षांनी पानशेतला एका खानावळीत तोच बाप भेटला. ओळखून समोर बसला. मुलीचं बरं चाललंय, मामानेच तिला सांभाळलं, असं सांगत होता. मी मनात म्हटलं, आज सांगून टाकू. हा एक माणूस, याने ते पसरवलं, हाच ते मागे घेऊ शकतो. चाचा तेव्हा हयात होते. मी पाणी प्यायलो.

तेवढ्यात त्यानेच विचारलं, "त्ये डोळं गेलेलं चाचा हायती का अजून?"

"हायेत," मी म्हणालो.

"दिसतंय का काय थोडंफार?"

मी मान हलवली. नाही म्हणून.