पाण्यात दिसलेला माणूस

बुडालेला माणूस मले दिसते. तलावाच्या पारीवर उभी राहून डोळे मिटले का गार चिखलाचा वास येते, अन् तो कुठं अटकला हाय ते कळते. आग लागो त्या दिसण्याले! आम्ही दिघोरीकडले ढीवर, जाळं टाकून पोट भरणारे. मासोळ्या दिसल्या असत्या तं काई कामाचं तरी झालं असतं.

कोणी बुडालं का ठाण्यातली जीप माह्याच दारात थांबे. साहेब लोक शिकलेले, असलं काई मानत नसत, पण न्यायले येत. मी बोट दाखवलं का तिथंच गळ टाकत, अन् माणूस निघे. कागदावर मात्र 'गुप्त माहितीवरून' लिहीत. माहं नाव टाकाची त्यायले लाज. एकदाही चुकली नाई मी.

मंग माहा नवरा भांडण करून घरातून गेला. महिना झाला तरी पत्ता नाई. ठाणेदारानं मलेच पारीवर उभं केलं. "बाई, आता तुमचं तुम्हीच पाहा," म्हणाले.

पाहिलं. पलीकडच्या कोपऱ्यात, बाभळीच्या मुळात तो बसून होता, पांढरा शर्ट घालून. गळ टाकले, काई निघालं नाई. पण मी कधी चुकली होती? माह्याच हातानं बांगड्या फोडल्या. तेरवी केली.

सव्वा वर्षानं तो दारात उभा! हैदराबादेत बांधकामावर होता म्हणे. "मले कायले मारून टाकलं वं?" म्हणून हसला. सारं गाव हसलं. मी रडली, बांगड्या भरल्या, खरंच लय खुशी झाली. पण दुसऱ्याच दिवशी पारीवर जाऊन डोळे मिटले, तं तो तिथंच, त्याच मुळात बसून. हे कोणाले सांगू? घरातला माणूस जेवते, घोरते, टीव्ही पाहते. मले त्याचं भेव वाटते, अन् भेव वाटते याची लाजही वाटते.

यंदा दिवाळीच्या आधी जीप पुन्हा आली. मागं एक बाई बसली होती. तिची पोरगी तीन दिवसांपासून घरी नव्हती. पारीवर जाऊन मी डोळे मिटले, तं पोरगी साफ दिसली, घाटाच्या शेवटल्या पायरीखाली. सांगायले तोंड उघडलं अन् थांबली. हे खरं निघालं तं तेही खरं. मंग माह्या घरी कोण राहून राहिला?

"मले आता काई दिसत नाई, साहेब," म्हणली.

ती माय माह्या पाया पडली. मी पाय ओढून घेतले.

दोन दिवसांनी पोरगी त्याच पायरीपाशी वर आली. त्या सांजेले नवऱ्याले भात वाढला. अजून रस्सा घाल म्हणाला. घातला. त्याच्या तोंडाकडं पाहिलं नाई.