हातात घ्या

"जरा उठता का गादीवरून?"

मुरुडच्या आडतदाराने असे विचारले, तेव्हा त्यानेच मागवलेला चहा माझ्यासमोर आलेला होता. मी उठलो. नोकराने कप उचलून नेला.

परंतु त्या दुकानातला पहिला अपमान त्याने केला नव्हता. तो मी केला होता.

लातूर जिल्हा नुकताच झालेला. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ताजा, आणि शिवारात पाण्याचा थेंब नाही. नव्या कलेक्टर कचेरीसमोर टेबल टाकून मी अर्ज लिहीत असे. शिक्षण सातवी नापास. तथापि माझ्या लेखणीला जिल्ह्यात तोड नाही, अशी माझी खात्री होती.

थोरली बहीण, अक्का, शहराजवळच्या कृषी संशोधन केंद्रावर रोजंदारीने राबत होती. तिथले एक साहेब मजूर बायांना आंब्याची कलमे बांधायला शिकवीत. शिकलेल्या बाईला रोपवाटिकेत बारमाही काम मिळणार होते. वर्ग उघड्यावर भरे. उन्हाने बाया चक्कर येऊन पडत. खांबांवर पत्रे, एवढेच हवे होते; सरकारी निधी नव्हता. बायांची वर्गणी पुरेना, तेव्हा अक्का म्हणाली, "तुला बोलाया येतं. मुरुडला वर्गणी मागाया चल संगं."

माझे इस्त्रीचे कपडे आणि खिशातले पेन पाहून आडतदार म्हणाला, "या साहेब, वर बसा. कुणापैकी म्हणायचं?"

"अर्धापूरकडचे," जातीऐवजी गाव सांगत मी पुटपुटलो.

त्याने शंभराची नोट काढली. मग दारात उभ्या अक्काकडे पाहिले. "ही कोण?"

"केंद्रावरची मजूर बाई आहे."

सख्खी बहीण. निंदणीला जाऊन जिने माझी शाळेची फी भरली, ती.

अक्का दारातूनच बोलली. "भाऊ हाय माझा. आम्ही बौद्ध हाव."

त्यानंतर गादी गेली, चहा गेला. नोट त्याने उंबऱ्यावर ठेवली. मी वाकून उचलली. वर हातही जोडले.

रस्त्यावर नोट अक्कापुढे धरली. तिने वर्गणीची पिशवी उघडली नाही.

"ऊन सोसंल मला. ह्ये न्हाई सोसायचं. आन् मजूर म्हनलास, ते बराबर हाय. मजूरच हाय मी. पर भईण बी हाय ना रे?"

मला माझे टेबल आठवले. कित्येक लोक माझ्या हाताला हात लागू न देता पैसे टेबलाच्या कडेला ठेवून जात. मी त्याला अदब समजत आलो होतो.

मी परत फिरलो. दुकानात गिऱ्हाईक होते. नोट पुढे केली.

"ठेव तिथं."

"ठेवणार नाही. हातात घ्या."

"लई शाना झालास का रे?"

"हातात घ्या."

हमाल थांबले. माझा हात पुढेच होता. अखेर त्याने दोन बोटांनी नोटेचे टोक धरले. त्याची बोटे माझ्या बोटांना लागेपर्यंत मी ती सोडली नाही.

छप्पर त्या उन्हाळ्यात झाले नाही. बाया डोक्यावर पदर घेऊन उन्हातच शिकल्या. अक्काने मला पुन्हा एका शब्दाने बोल लावला नाही. म्हणूनच मी केलेला तो अपमान अजून फिटलेला नाही.

आता अर्ज लिहून झाला की मी हात पुढे करतो. टेबलावर ठेवलेल्या पैशाला शिवत नाही आणि अर्ज सोडत नाही. कुणी विचारतो, कुणापैकी? मी सांगतो, कलमे बांधणाऱ्या मजूर बाईचा भाऊ. बौद्ध.

हात पुढेच असतो.