सावड

मामाची रक्षा सावडायला मी एकटाच पंचगंगेकाठच्या स्मशानात गेलो होतो. मामाला मूलबाळ नव्हतं. मी पुण्याहून आलेला. अशा वेळी चार माणसं सोबत न्यायची असतात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पत्र्याचा डबा धरून मी नुसताच उभा राहिलो.

शेजारच्या राखेपाशी पटका बांधलेला एक म्हातारा बसला होता. तो उठला, धोतर वर खोचलं आणि सरळ मामाच्या राखेत हात घालून अस्थी वेचू लागला.

"अहो, तुम्ही कशाला?"

"पावणं, सावडणं म्हंत्यात ह्याला. सावड ठाव हाय न्हवं? आज तुमच्या रानात मी, उद्या माझ्या रानात तुमी. भाताची लावण एकट्यानं हुती व्हय?"

शब्दाचं मूळ खरंच तेच आहे का, कोण जाणे. पण त्या सकाळी मला ते पटलं.

डबा भरल्यावर तो म्हणाला, "चला, आता माझ्याकडं."

त्या शेजारच्या राखेत त्याची नव्वदीची आई होती. "लई तिखट बाई! मी साठीचा झालो तरी कान धरून न्हाव्याकडं धाडायची," असं सांगत तो वेचत होता, मीही वेचत होतो. मग त्याने विचारलं, "मामा कसं हुतं तुमचं?"

तीन दिवसांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं, "कुस्ती बघता बघता शेजारच्यावरच डाव टाकायचा."

म्हातारा एवढ्या मोठ्यानं हसला की पलीकडे चितेसाठी शेणी रचणाऱ्यांनी वळून पाहिलं. तेव्हा मीही हसत होतो.